एकवीस पदार्थ बंद

दमेकऱ्यानं काय खाऊ नये, हे एके काळी निम्म्या कोल्हापुरात मी ठरवत होतो. मी डॉक्टर नव्हतो, वैद्य नव्हतो, साधा आचारीसुद्धा नव्हतो. मी कंपौंडर होतो.

कंपौंडर म्हणजे काय, हे आता नातवंडांना समजावून सांगावं लागतं. सत्तर सालच्या आसपास आमच्याकडे दवाखान्यात दोन खोल्या असायच्या. एकीत डॉक्टर, दुसरीत मी, आणि मधल्या भिंतीत एक खिडकी. डॉक्टर पेशंटची छाती, जीभ, नाडी बघून एक चिठ्ठी लिहायचे, ती खिडकीतून माझ्याकडे यायची. माझ्यामागे फळीवर मोठमोठ्या बरण्या असत. त्यातली औषधं मोजून, पाण्यात मिसळून मी बाटली भरायचो. कागदाची पट्टी दुमडून, कात्रीनं तिला खाचा पाडून बाटलीवर खळीनं चिकटवायचो. एक खाच म्हणजे एक डोस. गोळ्या खलून पुड्या बांधायचो, काचेची सिरिंज उकळायचो, इंजेक्शन द्यायचो. बाटली पेशंटनं घरून आणायची. ती कसलीही असे. शनिवार पेठेतल्या एका भजनीबुवांनी रमच्या बाटलीतून खोकल्याचं औषध नेलं, आणि नेमके वाटेत त्यांना सगळे टाळकरी भेटले. पुढचा महिनाभर बुवा जो भेटेल त्याला बाटलीचा वास देत फिरत होते.

मी बांधलेली पुडी सुटत नसे आणि मी बनवलेलं मिक्श्चर तळाशी बसत नसे. हा अभिमान मला तेव्हा होता, आजही आहे. लोक मला ‘डाक्टर’ म्हणायचे. मी एकदाही कुणाला दुरुस्त केलं नाही.

खरी डॉक्टर म्हणजे आमच्या बाई. दवाखाना गंगावेशीच्या बाजूला होता. बाई पुण्याकडच्या, शिकून इकडे आलेल्या. बोलणं शुद्ध आणि तोंड फटकळ. कोल्हापूरला तोंडाचं काही वाटत नाही, त्यामुळे त्यांचं इथं छान जमलं. आमच्याकडे दम्याचे पेशंट पुष्कळ. पंचगंगेकाठची ओल, गुऱ्हाळांचा धूर, मळणीचा भुसा, कशानं ना कशानं माणसाच्या छातीत शीळ वाजायला लागायची. आत घेतलेला श्वास बाहेर पडताना नळ्या आवळून धरतात, म्हणून ती शीळ. बाई सगळ्यांना नीट तपासायच्या, गोळ्या द्यायच्या, फारच लागलं तर कातडीखाली ॲड्रेनलिनचं इंजेक्शन. आणि खाण्याबद्दल एवढंच सांगायच्या, “जे खाल्ल्यावर त्रास होतो असं तुम्हाला स्वतःला दिसलंय, तेवढं टाळा. रात्री तडस लागेपर्यंत जेवू नका. बाकी सगळं खा.”

हे ऐकून पेशंट माझ्या खिडकीशी येई तो अगदी हिरमुसून.

“डाक्टर, बाईनं पथ्य न्हाय सांगिटलं वो.”

“सांगितलं की. त्रास होतो ते खाऊ नका.”

“ते काय पथ्य हाय व्हय? त्ये तर आमाला बी कळतंय.”

लोकांना बंदी हवी होती. बंदीशिवाय औषधाला जोर येत नाही, अशी पक्की समजूत. मग मी हळूच म्हणायचो, “दही नका खाऊ.” माणसाचा चेहरा खुलायचा. “आणि केळं?” तोच विचारायचा. “केळं तर अजिबात नको.” मान डोलवत, समाधानानं घरी जायचा. मला वाटायचं, चला, आपण एका माणसाला बरं केलं.

असं करत करत यादी वाढली. दूध, दही, ताक. केळं, भात, पेरू. शेंगदाण्यानं खोकला येतो म्हणून शेंगदाणे. लिंबू आणि चिंच आंबट म्हणून. सीताफळ कफ करतं असं माझी चुलती म्हणायची म्हणून सीताफळ. माझा एक मित्र छापखान्यात खिळे जुळवायचा. तो म्हणाला, “मर्दा, रोज तोंडाची वाफ कशाला घालवतोस? छापून देतो की.” लग्नपत्रिकांचा गुलाबी कागद उरला होता. त्यावर त्यानं ‘दम्याचे पथ्य’ असं जाड अक्षरात छापलं आणि खाली एकवीस पदार्थ ओळीनं नंबर घालून. सुरुवातीला सतराच होते. पण सतरा हा आकडा काही पथ्यासारखा दिसेना, म्हणून एकवीस केले.

त्या कागदानं माझा भाव भलताच वाढला. बाईंच्या खोलीतून लोक पटकन बाहेर यायचे आणि माझ्या खिडकीशी रेंगाळायचे. साखर कारखान्यातले एक तात्या होते. पोट असं की तपासणीच्या टेबलावर झोपले की समोरचा माणूस दिसायचा नाही. बाईंनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, “तात्या, तुमचं वजन तुमच्या छातीवर बसलंय. ते उतरवा, निम्मा दमा उतरेल.” तात्या तडक माझ्याकडे आले. कागद दोनदा वाचला आणि म्हणाले,

“ह्यात मटण न्हाय.”

“नाही.”

“म्हंजे चालतंय.”

“तात्या, बाई म्हणाल्या ना, रात्रीचं कमी खा...”

“कागदावर न्हाय त्ये बोलू नका, डाक्टर.” आणि खुशीत निघून गेले. वर्षभर त्यांनी दही आणि केळं कटाक्षानं टाळलं, मटण दुप्पट केलं, आणि दमा जसाच्या तसा. तरी ते सगळीकडे आमच्या पथ्याचं कौतुक सांगत फिरायचे.

बाईंना ह्या कागदाचा पत्ता नव्हता. खिडकीपलीकडं काय चालतं ते बघायला त्यांना सवड नव्हती, आणि मी बघू दिलं नव्हतं.

हौसाक्का आली ती पावसाळ्याच्या आधी. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका गावातली कुणब्याची बाई, घरी चार म्हशी. बरोबर आठ वर्षांची मुलगी, सुशी. गव्हाळ, गुटगुटीत, बोलकी. पण छातीत शीळ वाजत होती. महिन्यातून एकदा-दोनदा दम लागायचा. बाईंनी तपासलं, औषध लिहिलं, “घाबरू नका, वाढत्या वयात पुष्कळांचं कमी होतं,” म्हणाल्या. हौसाक्का खिडकीशी आली.

“पथ्य काय वो दादा?”

मी गुलाबी कागद काढला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवला, एक ते एकवीस. तिनं डोळे मिटून ऐकला आणि मग सगळी यादी एक ते एकवीस तशीच्या तशी म्हणून दाखवली. एक शब्द चुकला नाही. मी इतका खूश झालो की आणखी एक कागद तिला ठेवायला दिला.

“मग खायाचं काय पोरीनं?” तिनं विचारलं.

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. मी जरा विचार केल्यासारखा चेहरा केला. “भाकरी, तिखट, मुगाची आमटी. आणि सुकट घालत जा. सुकट उष्ण असती, कफ सुटतो.”

सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. कोकणातून घाट चढून आमच्या बाजारात येते. तव्यावर भाजून, तिखट-कांदा घालून भाकरीबरोबर खातात. मला स्वतःला फार आवडते. दुसरं काही कारण नव्हतं.

त्यानंतर मायलेकी दीडेक वर्ष आल्या नाहीत. दर महिन्याला गावचा कुणीतरी दूधवाला रिकामी बाटली घेऊन यायचा. “हौसाक्काच्या पोरीचं तेच औषिद.” मी भरून द्यायचो. पोरगी कशी आहे, हे मी विचारलं नाही. बाटली नेतात म्हणजे बरी असणार, असा माझा हिशेब.

मग एका सकाळी दवाखाना भरलेला असताना हौसाक्का दारात उभी राहिली. तिच्या नवऱ्यानं पोरीला खांद्यावर घेतलं होतं. दहा वर्षांची पोर बाप खांद्यावर का आणतो, असं मनात आलं, आणि मग मला तिचे पाय दिसले. काठ्या. तोंडाचे कोपरे फाटलेले, केस तांबूस, विरळ. डोळे तेवढे मोठे. छातीतली शीळ खिडकीपलीकडून ऐकू येत होती. बाईंनी काट्यावर उभं केलं, तिचा जुना केसपेपर काढून बघितला. दीड वर्षात पोरगी वाढली नव्हती, दोन किलो उतरली होती. बाईंना आधी क्षयाची शंका आली. पाठ ठोकली, पुन्हा ऐकलं, घरच्यांचं विचारलं. शेवटी म्हणाल्या, “ही खाते काय?”

“भाकरी. आमटी. सुकट.”

“दूध?”

“दूध न्हाय. दही न्हाय, ताक न्हाय, केळं न्हाय, भात न्हाय, पेरू न्हाय...” हौसाक्कानं डोळे मिटले आणि सगळी यादी म्हटली. एकवीसच्या एकवीस.

“हे कुणी सांगितलं?” बाईंनी विचारलं. हौसाक्कानं माझ्या खिडकीकडे बघितलं. मग कनवटीतून प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला गुलाबी कागद काढून तिनं टेबलावर ठेवला. एक कोपरासुद्धा मळला नव्हता.

मला वाटलं, बाई आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला आत बोलावलं आणि सगळ्यांसमोर कागद वाचायला लागल्या.

“माने, क्रमांक सहा. पेरू. का?”

“थंड असतो, बाई.”

“आठ. शेंगदाणे. का?”

“खोकला येतो म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“लोकच, बाई.”

“अकरा. अंडं?”

“आमच्या मामांना सोसत नव्हतं.”

“तुमच्या मामांना दमा होता?”

“नाही. मूळव्याध.”

बाकावरचा एक म्हातारा फस्सकन हसला. बाई हसल्या नाहीत. “एकोणीस, काकडी. वीस, दोडका. एकवीस, भोपळा. ह्यांनी काय केलं होतं तुमचं?”

“एकवीस करायचे होते,” मी म्हणालो.

हौसाक्का आतापर्यंत आमच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होती. शेवटचं वाक्य तिला कळलं असावं. ती मला शिव्या देईल असं वाटलं. कोल्हापूरच्या बाईला शिव्या येत नाहीत असं नाही. पण ती हळूच म्हणाली, “दीड वरीस माज्या पोरीम्होरनं दुधाच्या घागरी गेल्या की वो दादा. सांच्याला धार काडाया बसलं की ती भिताडाकडं त्वांड करून बसायची.”



बाईंनी औषध बदलून दिलं, आणि दूध, अंडी, केळी, सगळं खायला घालायला सांगितलं. हौसाक्का म्हणाली, “न्हाय.” दम वाढला तर? दीड वर्ष सांभाळलं, आता पोर हातची गेली तर? डॉक्टर आज एक सांगतात, उद्या दुसरं. बाई समजावून थकल्या आणि मग माझ्याकडे वळल्या.

“बंद तुम्ही केलंत, सुरूही तुम्हीच करायचं. दर रविवारी ह्यांच्या गावी जायचं. एका रविवारी एक पदार्थ. तिनं खाल्ला की दोन तास तिच्याजवळ बसून राहायचं. हे सगळं ती पूर्वी खातच होती, मला काही होईल असं वाटत नाही. पण इंजेक्शनचा डबा बरोबर ठेवा. मी मात्रा आखून देते. आणि बसताना गप्पा मारा. कागद वाचू नका.”

पहिल्या रविवारी सकाळची एस.टी. धरून मी गेलो. सुशी घराच्या पुढच्या सोप्यात घोंगड्यावर बसली होती. शाळा दीड मैलावर शेजारच्या गावात, तिला चालवत नाही म्हणून वर्षभरापूर्वी सुटली होती. हौसाक्कानं पेल्यात दूध आणलं, पण पेला सुशीच्या हातात देईना. मी म्हणालो, आधी मी पितो. पेला संपवला. दुसरा आला. सुशी म्हणाली,

“मी न्हाय पिनार. मी मरंन.”

“कोण म्हणतं?”

“एक लंबरला हाय.”

मी खिशातून गुलाबी कागद काढला आणि तिच्यासमोर फाडला. मला वाटलं, मोठा देखावा केला. ती माझ्याकडं बघत म्हणाली, “फाडला तरी काय? मला पाठ हाय.”

आता माझी पंचाईत झाली. इंजेक्शनचा डबा मांडीवर, आई दाराच्या चौकटीला धरून उभी, आणि समोर ही काडीएवढी पोर. मी म्हणालो, “सुशे, ती यादी बाईंनी नव्हती केली. मी केली होती. खोटी हाय ती.”

“खोटी का केलासा?”

“लोकांनी मला मोठा डाक्टर म्हणावं म्हणून.”

तिनं त्यावर बराच वेळ विचार केला. मोठी माणसं असा विचार करत नाहीत, एकदम रागावतात किंवा एकदम माफ करतात. मग तिनं पेला घेतला आणि एकेक घोट मोजत दूध प्यायलं. बावीस घोट. नंतर छातीवर हात ठेवून ती शीळ यायची वाट बघत बसली. मीही बसलो. हौसाक्काही बसली. म्हैस ओरडली तरी आम्ही तिघं दचकत होतो. दोन तासांनी सुशी म्हणाली, “आनि देतीस?”

हौसाक्का आत गेली ती चांगला वेळ बाहेर आली नाही. मी डबा बंद करून बाहेर कट्ट्यावर जाऊन उभा राहिलो.

पुढच्या रविवारी केळं. मग दही. मग अंडं, मग शेंगदाण्याची चटणी. प्रत्येक वेळी आधी मी खायचो, मग ती. गावात बातमी पसरली की कोल्हापूरचा एक डाक्टर दर ऐतवारी येऊन फुकटचं खाऊन जातो. पारावरचे लोक विचारायचे, “पावणं, आज काय हाय?” पण सुशीच्या तोंडाचे कोपरे भरून आले. तिनं अंगणात दोन चकरा मारल्या. यादीतल्या पाच पदार्थांनी तिला शिंकसुद्धा आली नाही. दम मात्र अधूनमधून लागतच होता, आणि कशानं ते आम्हाला कळत नव्हतं.

सहाव्या रविवारी हौसाक्का म्हणाली, “आज जेवूनच जावा. कोंबडं कापतो.” तोवर मी अकराच्या एस.टी.नं परत जायचो. मी म्हणालो, कोंबडं नको, कालच्या बाजारची सुकट असेल तर ती भाज.

सुशी चुलीपाशी आईजवळ बसली होती. मी सोप्यात तिच्या बापाशी बोलत होतो. तव्यावर सुकट पडली, खमंग वास सुटला, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आणि आत सुशी खोकायला लागली. आधी साधा खोकला. मग एकामागून एक, मग तो खोकलाही थांबला आणि फक्त शीळ राहिली. मी आत गेलो तेव्हा ती दोन्ही हात जमिनीवर टेकून पुढं वाकली होती, खांदे वर ओढलेले, ओठ निळसर. तिला उचलून अंगणात आणलं. माझ्या हातांनी त्या दिवशी माझी लाज राखली, कारण डोकं काही चालत नव्हतं. सिरिंज भरली, दंडात कातडीखाली दिली, तिला टेकून बसवलं. ते काही क्षण मी देवाचं नाव घेतलं नाही. मी एकवीस पदार्थ म्हणत होतो. आज तिनं ह्यातलं काय खाल्लं? काय खाल्लं?

चारपाच मिनिटांत श्वास मोकळा व्हायला लागला. ओठांवर रंग आला. छाती धडधडतीय म्हणून ती रडायला लागली, आणि रडण्याचा तो आवाज ऐकून मी तिथंच, अंगणात बसलो.

“काय खाल्लं हिनं?” मी विचारलं.

“काय बी न्हाय! अजून ताट बी वाढलं न्हाय.”

“मग तव्यावर काय होतं?”

“सुकट की. तुमीच सांगिटलंतंसा.”

दुधाच्या टेम्पोतून आम्ही चौघं गंगावेशीला आलो. बाईंनी सुशीला तपासलं आणि मग हौसाक्काला एकेक प्रश्न विचारत बसल्या. दम कधी लागतो? ऐतवारी, बाजारच्या दुसऱ्या दिवशी तर हमखास, आणि मधे आणखी दोनतीनदा. हौसाक्काला वाटायचं, शनिवारी बाजाराच्या धुरळ्यात नेल्यामुळं. पूर्वी सुकट किती व्हायची? महिन्यातनं एकदा. आणि नंतर? “आठवड्यातनं तीनदा-चारदा. दादांनी सांगिटल्यावर. पोरीला जास्त, आमी थोडी.”

बाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “माने, एकवीस निर्दोष पदार्थ तुम्ही पकडलेत. आणि ज्याच्यावर संशय घ्यायचा, त्याला जामीन राहिलात.”

सुकट घरातून गेली. पुन्हा खायला घालून बघायचं नाही, असं बाईंनी बजावलं, अंगणातलं तेवढं पुरे. भाजण्याचा धूरसुद्धा नको. सुशीचा दमा पूर्ण गेला, असं मी म्हणणार नाही. थंडीत, आणि गुऱ्हाळं सुरू झाली की तिला गोळ्या लागायच्या. पण खांद्यावरून आणण्याची वेळ परत आली नाही.

माझी शिक्षा वेगळी होती. वाटलेले कागद परत गोळा करायचे. सुट्टीच्या दिवशी सायकल मारत मी घरोघरी फिरलो. सोपं असेल असं वाटलं होतं. लोक कागद द्यायला तयार नव्हते. काहींनी तो देवाच्या तसबिरीशेजारी डकवला होता. एक बाई म्हणाल्या, “डाक्टरांनी यादी केली आणि कंपौंडर माघारी न्याला आला. आसं कुटं आस्तं व्हय?” यादी करणारा डॉक्टर मीच, हे सांगायचं धैर्य दर दारात होत नव्हतं. तात्या तर म्हणाले, “न्या की. पर नव्या पद्धतीत मटणाचं काय?” मी म्हणालो, आता कागदावर नाही, तोंडानंच सांगतो, रात्रीचं निम्मं खा आणि सकाळी रंकाळ्याला चक्कर मारा. तात्यांनी मला कुठल्यातरी दुसऱ्या डॉक्टरचा पत्ता दाखवला, जो भली लांब यादी देत होता. आमचे बरेच पेशंट तिकडे गेले.

पुढं ऐंशीच्या सुमारास तोंडात फवारा मारायचे पंप आले, मिक्श्चरच्या बरण्या रिकाम्या झाल्या, आणि बाटल्यांवरच्या पट्ट्या कापणारा मी गोळ्यांची पाकिटं मोजणारा झालो. खाण्याचा आणि दम्याचा संबंध काय, हे मी बाईंना निवृत्त होईपर्यंत विचारत राहिलो. त्या म्हणायच्या, एखाद्यालाच एखादा पदार्थ खरोखर बाधतो, आणि त्याला तो फार बाधतो, म्हणून एकेका माणसाचं बघावं लागतं. अंगावर चरबी चढली की श्वासाला जड जातं. भाजीपाला, फळं खाणाऱ्यांचं बरं चालतं असं दिसतं, पण का, ते कुणी छातीठोक सांगत नाही. “आणि मुलाला उपाशी ठेवून दमा जात नाही, माने, एवढं मात्र मी छातीठोक सांगते.” आता शेजाऱ्यांचा डॉक्टर मुलगा मला साधारण हेच सांगतो. मी नव्यानं ऐकतोय असं दाखवतो.

एक प्रसंग सांगायचा राहिला. सुकट बंद झाल्यावर पाचेक महिन्यांनी, जूनमध्ये, बाई मला म्हणाल्या, “ह्या खेपेला सोमवारी जाऊ, मीही येते.” दवाखाना बंद ठेवून त्या कधी कुठं जात नसत. एस.टी.त खिडकीशी बसून वाटभर बाहेर बघत होत्या. गाव जवळ आल्यावर म्हणाल्या, “दीड वर्ष ती बाटली माझ्या दवाखान्यातून जात होती, माने. चिठ्ठी माझी होती. पोर कशी आहे हे मी तरी कुठं विचारलं?”

हौसाक्का घरामागच्या परड्यात म्हशीला वैरण टाकत होती. बाईंना बघून ती गडबडली, हात पदराला पुसत पुढं आली. बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. अशा वेळी नेमकं काय म्हणायचं ते त्यांनी वाटेत ठरवलं असावं, कारण बोलणं जरा पुस्तकी झालं. “हौसाबाई, तुमच्या मुलीच्या बाबतीत आमच्याकडून फार मोठी चूक झाली. मी तुमची माफी मागायला आले आहे.”

मी मान खाली घातली. हौसाक्का दोघांकडंही बघत राहिली. तिच्या कपाळाला आठी पडली, रागाची नाही, घाईत असलेल्या माणसाला थांबवून ठेवल्यावर पडते तशी.

“माफी ऱ्हाऊ दे वो, बाई,” ती म्हणाली. “आजपास्नं साळा उगडल्या. दीड मैल हाय, वर पाऊस. पोरीला चालत धाडू का नको, तेवडं सांगा.”

बाई म्हणाल्या, “धाडा. पळायचं नाही, छत्री द्यायची, पण चालत धाडा.” आणि तिला एकदा तपासून घ्यावं म्हणून त्यांनी हाक मारली, “सुशीला!”

घरातून ओ आली नाही. हौसाक्का आत जाऊन आली, माडीवर बघून आली, मग परड्याच्या टोकाला गेली आणि तिथंच उभी राहिली. आम्हीही गेलो. खाली ओढ्यापलीकडच्या पांदीच्या वाटेनं पाचसहा पोरं शाळेला चालली होती. सगळ्यात मागं, इतरांपेक्षा सावकाश, पण न थांबता, आमची सुशी होती. तिच्या हातात छत्री नव्हती.

“इचारलं बी न्हाय भवानीनं,” हौसाक्का म्हणाली, आणि पोर वळणाआड जाईपर्यंत आम्ही तिघंही तिच्या चालण्याकडं बघत उभे राहिलो.